वाचकांचे प्रश्न : ‘आधी कायदे सुधारा, मग आमचे हक्क सोडतो’

मागच्या अंकात अफूच्या युद्धावर एक छोटा लेख छापला होता. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की त्या युद्धानंतर शंभर वर्षं चीनमधल्या परदेशी माणसावर चिनी कोर्टात खटला चालत नव्हता, आणि हा हक्क सोडणार कधी असं विचारलं की उत्तर यायचं, आधी तुमचे कायदे सुधारा मग बघू. अफूबद्दल कुणी फारसं विचारलं नाही, पण या एका वाक्यावर ढीगभर प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : म्हणजे इंग्रज माणसाने शांघायमध्ये खून केला तरी त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं? खरंच? (एक वाचक, सातारा)

हात लावू शकत होते, निकाल मात्र चिनी न्यायाधीश देऊ शकत नव्हता. चिनी शिपायाने पकडलं तरी त्याला त्याच्या देशाच्या कॉन्सुलकडे, म्हणजे त्या बंदरात बसलेल्या सरकारी प्रतिनिधीकडे, नेऊन सोपवायचं आणि मग कॉन्सुल आपल्या देशाच्या कायद्याने खटला चालवणार. इंग्रजांनी १८६५ साली शांघायला चक्क स्वतःचं सुप्रीम कोर्ट काढलं, चीन आणि जपान दोन्हीसाठी मिळून. अमेरिकेने १९०६ मध्ये त्यांचं कोर्ट काढलं, त्याचं अपील पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला. छोट्या देशांचं तर विचारूच नका, कॉन्सुल म्हणून कित्येकदा तिथलाच एखादा व्यापारी नेमलेला असायचा, कायद्याचं शिक्षण शून्य, म्हणजे माल विकणाराही तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच.

आता यात चिनी माणसाची पंचाईत बघा. समजा शांघायमध्ये एका इंग्रजाची मोटार आणि एका फ्रेंचाची मोटार यांच्या मध्ये सापडून एखादा रिक्षावाला जखमी झाला, तर त्याने एका अपघातासाठी दोन कोर्टांत जायचं, दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या भाषा, आणि समोरच्याने त्याच्यावरच उलटा दावा ठोकायचा ठरवला तर तो त्या कोर्टात नाही चालत, तो तिसरीकडे. शांघायमध्ये अशी डझनभर देशांची कोर्टं एकाच शहरात होती. काही खटल्यांत शिक्षा व्हायच्या, नाही असं नाही, पण साक्षीदार चीनमध्ये आणि अपील समुद्रापलीकडे म्हटल्यावर साधा माणूस दावा लावायच्या भानगडीतच पडत नसे.

याची सुरुवात १८४२ च्या नानचिंग तहापासून धरतात. कॅंटन, श्यामेन, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरं उघडली, हाँगकाँग दिलं, वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरपाई. त्या भरपाईतले ६० लाख लिन चशू या चिनी अधिकाऱ्याने जप्त करून नष्ट केलेल्या अफूचे होते हे विशेष. पण परदेशी माणसावर परदेशी कायदा हे कलम या तहात नाहीये! ते आलं पुढच्या वर्षी, १८४३ च्या पुरवणी कागदपत्रांत, आणि १८४४ मध्ये अमेरिकेच्या केलेब कुशिंगने वांगश्या तहात ते नीट वकिली भाषेत बसवून घेतलं. जाता जाता, नानचिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर सह्या होऊन झाला ते आपल्या मुंबई गोदीत बांधलेलं, सागवानाचं, वाडिया मंडळींनी १८१३ मध्ये पाण्यात सोडलेलं. आणि जप्त झालेल्या त्या अफूतही मुंबईहून गेलेला माळव्याचा माल भरपूर होता. त्यामुळे हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही.

प्रश्न : एवढा मोठा अपमान चिनी बादशहाने मान्य कसा केला? युद्ध हरले म्हणून गप्प बसले का? (डोंबिवली)

हरले हे तर आहेच, पण गंमत अशी की त्या वेळी त्यांना हे कलम फार मोठं वाटलंच नाही. जमीन गेली, पैसे गेले, त्याचं दुःख होतं. परदेशी लोकांची भांडणं त्यांची त्यांनी मिटवावीत ही कल्पना मात्र चीनला नवी नव्हती. थांग राजवटीच्या जुन्या संहितेतच नियम होता की एकाच देशाच्या दोन परक्या माणसांचं आपसात काही झालं तर निवाडा त्यांच्या रिवाजाने करावा, आणि वेगवेगळ्या देशांचे असतील तर चिनी कायद्याने. दरबाराला वाटलं, ही दाढीवाली भांडखोर माणसं आपल्या डोक्याला ताप नकोत, त्यांचा म्होरक्या त्यांना सांभाळेल. फरक एवढाच, की जुन्या नियमात चिनी माणसाचा खून मोडत नव्हता आणि नव्या कलमात तोही मोडत होता. हा फरक किती महागात पडणार हे कळायला त्यांना तीस चाळीस वर्षं लागली.

आणि परदेश्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांच्याकडेही जुन्या जखमा होत्या. १७८४ मध्ये कॅंटनजवळ लेडी ह्यूज नावाच्या जहाजावरून सलामीची तोफ उडवली, त्यात दोन चिनी माणसं मेली. तोफ उडवणारा सापडेना म्हणून चिनी अधिकाऱ्यांनी जहाजाच्या व्यापारी अधिकाऱ्यालाच धरून ठेवलं, शेवटी तो गोलंदाज सोपवला गेला आणि त्याला गळा आवळून मारलं. मग १८२१ मध्ये एमिली या अमेरिकन जहाजावरचा तेरानोव्हा नावाचा इटालियन खलाशी, त्याच्या हातून भांडं पडून होडीतली फळं विकणारी बाई बुडाली असा आरोप, त्यालाही तसंच मारलं. कॅंटनमधला प्रत्येक परदेशी व्यापारी ही दोन नावं घ्यायचा. चिनी कोर्टात कबुलीजबाबाशिवाय शिक्षा देता येत नसे आणि कबुली काढायला छळ कायदेशीर होता, हेही खरंच आहे. त्यामुळे ‘चिनी कायद्यात काहीच वाईट नव्हतं, सगळा साम्राज्यवाद्यांचा कांगावा’ असं जे दोन तीन वाचकांनी लिहिलंय ते मला पटत नाही. अर्थात सलामीच्या तोफेने दोन माणसं मेली तर टेम्सच्या काठावर काय झालं असतं हाही प्रश्न आहेच.

प्रश्न : मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘कायदे सुधारा मग हक्क सोडतो’ हे लेखी कुठे आहे का, की फक्त बोलायची गोष्ट होती? त्याने चीनचा कायदा खरंच सुधारला का? (पुणे)

लेखी आहे, अगदी कलम नंबरासकट. ५ सप्टेंबर १९०२ चा ब्रिटन चीन व्यापारी तह, वाटाघाटी करणाऱ्याच्या नावावरून त्याला मॅके तह म्हणतात, त्यातलं कलम १२. हा जेम्स मॅके म्हणजे कलकत्त्याचा बडा व्यापारी, बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सचा अध्यक्ष राहिलेला, पुढे लॉर्ड इंचकेप होऊन पी अँड ओ बोट कंपनीचा अध्यक्ष झालेला माणूस. त्याला लंडनहून पाठवलं होतं ते मुळात जकातीसाठी. चीनमध्ये माल एका प्रांतातून दुसऱ्यात नेताना नाक्यानाक्यावर लिकीन नावाचा कर लागायचा, तो काढा आणि बदल्यात आयात जकात वाढवून साडेबारा टक्क्यांपर्यंत घ्या, असा सौदा. महिनोन्‌महिने शांघायला आकडेमोड चाललेली. मग मॅके यांगत्सी नदीतून वूचांगला गेला, तिथला सुभेदार चांग चितुंग, मोठा विद्वान आणि मोठा धूर्त, त्याच्याशी बोलताना चिनी बाजूने हा विषय काढला की आम्ही आमचे कायदे तुमच्यासारखे करायला निघालोय, झाले की तुम्ही तुमची कोर्टं काढून घ्याल का. मॅकेने हो म्हटलं. व्यापाऱ्याला ते स्वस्त वाटलं असणार, कारण आज काहीच द्यायचं नव्हतं.

आता तुम्ही कायदा शिकताय तर कलमाची रचना बघाच. ब्रिटन काय म्हणतं, चीनला न्यायव्यवस्था सुधारायची तीव्र इच्छा आहे, आम्ही त्यात सर्व मदत करू, आणि चिनी कायद्यांची स्थिती, त्यांच्या अंमलबजावणीची व्यवस्था ‘आणि इतर बाबी’ पाहून आमचं समाधान झालं की आम्ही हक्क सोडायला तयार असू. यात मुदत नाही, निकष नाहीत, त्रयस्थ पंच नाही. समाधान कुणाचं व्हायचं तर ब्रिटनचं. आणि ‘इतर बाबी’ म्हणजे काहीही. पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूने मालकाला सांगावं की तुम्ही बिल्डिंग दुरुस्त करा मग मी खोली सोडतो, आणि दुरुस्ती झाली की नाही ते मीच ठरवणार, तसलाच प्रकार. पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर १९०३ ला, अमेरिकेने आणि जपानने एकाच दिवशी आपापल्या तहात तसंच कलम घातलं.

तरी तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर, हो, कायदा खरंच बदलला, आणि झपाट्याने. दरबाराने दोन माणसं नेमली. शेन च्यापेन, साठी ओलांडलेला, जुन्या कायद्यात मुरलेला कारकुनी शिस्तीचा अधिकारी. आणि वू तिंगफांग, सिंगापूरला जन्मलेला, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेला पहिला चिनी. १९०५ मध्ये यांनी शरीराचे तुकडे करून मारण्याची शिक्षा, मुंडकं टांगणं, चेहऱ्यावर गोंदणं, एकाच्या गुन्ह्यासाठी नातेवाइकांना शिक्षा, हे सगळं काढायला लावलं, कबुलीसाठीच्या छळावरही बऱ्यापैकी बंधनं आणली. जपानी प्राध्यापक बोलावले, ओकादा आसातारोने फौजदारी संहितेचा मसुदा केला. १९०६ मध्ये या दोघांनी ज्यूरी आणि वकील असलेली कार्यपद्धती सुचवली, आणि तिला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल तर त्याच चांग चितुंगने! मुलगा बापाविरुद्ध कोर्टात उभा राहील, बायको नवऱ्याविरुद्ध, हे काय चाललंय, असा त्याचा सूर. म्हणजे परदेश्यांकडून कलम मिळवणारा तोच आणि कलमासाठी लागणारा बदल अडवणाराही तोच. पुढे फौजदारी संहितेवरून १९१० मध्ये अविवाहित बाईने लग्नाबाहेर संबंध ठेवले तर तो गुन्हा मानायचा की नाही यावर राष्ट्रीय सल्लागार सभेत जी जुंपली ती वाचताना आपल्याकडचा संमतीवयाच्या बिलाचा वाद आठवल्याशिवाय राहत नाही. संहिता १९११ च्या सुरुवातीला जाहीर झाली, आणि वर्षभरात राजवटच गेली.

प्रश्न : जपानवर पण असेच तह लादले होते ना? ते तर लवकर सुटले. चीनला काय झालं होतं? (कोल्हापूर)

जपान १८९९ मध्ये सुटलं, तह १८९४ ला ब्रिटनशी झाला आणि अंमल पाच वर्षांनी. पण ते सुखासुखी नाही. १८८६ मध्ये नॉर्मंटन हे ब्रिटिश जहाज बुडालं, कप्तान आणि गोरे खलाशी होड्यांतून वाचले, २५ च्या २५ जपानी प्रवासी बुडाले (भारतीय खलाशीही बुडाले, त्यांची आठवण कुणी काढत नाही), आणि ब्रिटिश कॉन्सुलच्या चौकशीत कप्तान निर्दोष. जपानभर आग भडकली, मग दुसऱ्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा. त्याच सुमारास परराष्ट्रमंत्री इनोऊए परदेशी न्यायाधीश असलेली मिश्र कोर्टं मान्य करायला निघाला होता, ती योजना लोकांनी उधळून लावली.

चीनचं वेगळं काय, तर एक, जपानमध्ये करार करायला एकच सरकार होतं आणि ते टिकलं. दोन, चीनच्या तहांत सगळ्यांनी ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ हे कलम घालून घेतलेलं, म्हणजे एकाला काही मिळालं की सगळ्यांना आपोआप. यामुळे हक्क पसरले भराभर, पण सोडायची वेळ आली की प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवणार, तो सोडत असेल तर मी सोडतो. तीन, शांघाय. तिथे परदेश्यांचा एवढा पैसा, जमिनी, गिरण्या अडकल्या होत्या की तिथल्या गोऱ्या रहिवाशांचा दबाव स्वतःच्याच सरकारांवर भारी पडायचा. आणि चार, जे पाठ्यपुस्तकात दबक्या आवाजात सांगतात, जपानची लष्करी ताकद, जी त्याने १८९५ मध्ये चीनला हरवून दाखवली, स्वतःच्या संहितेपेक्षा तिचा उपयोग त्याला जास्त झाला असं माझं मत. त्याच विजयाने जपानला चीनमध्ये हेच हक्क एकतर्फी मिळाले, म्हणजे काल स्वतः ज्याबद्दल रडत होते तेच आज दुसऱ्यावर.

प्रश्न : कुठेतरी वाचलं की परदेशी देशांनी एक कमिशन नेमून चीनची कोर्टं तपासली होती. त्यात काय निघालं? निःपक्षपाती होतं का? (नागपूर)

हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ यात दिसतो. पहिल्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्रांच्या बाजूने उतरला, १९१७ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियावर युद्ध जाहीर करताच त्या दोघांचे हक्क एका फटक्यात गेले. (कायद्याची स्थिती वगैरे काही न तपासता, बरं का.) पॅरिसला १९१९ मध्ये चीनने बाकीच्यांचाही विषय काढला, तो ऐकूनच घेतला नाही. मग १९२१-२२ च्या वॉशिंग्टन परिषदेत वेलिंग्टन कू, आल्फ्रेड सझे आणि वांग छोंगह्वे या चीनच्या तीन प्रतिनिधींनी लावून धरल्यावर ठराव झाला की एक आयोग नेमू, तो जाऊन पाहील. परिषद संपल्यावर तीन महिन्यांत बसायचा होता. बसला १९२६ च्या जानेवारीत. मधली चार वर्षं कशात गेली तर मुख्यतः फ्रान्सचं म्हणणं होतं की १९०० च्या परदेश्यांविरुद्धच्या बॉक्सर बंडाची भरपाई कागदी नाही, सोन्याच्या फ्रँकमध्ये द्या, ते मिटेपर्यंत फ्रान्स वॉशिंग्टनच्या करारांना मान्यता देईना.

आयोग पेकिंगला बसला, १३ देश, अध्यक्ष अमेरिकेचा सायलस स्ट्रॉन, शिकागोचा वकील. चीनतर्फे वांग छोंगह्वे, आणि हा माणूस म्हणजे ज्याने जर्मन नागरी संहितेचं इंग्रजी भाषांतर केलेलं, जे इंग्लंड अमेरिकेतले वकीलसुद्धा वापरायचे. चिनी लोकांना आधुनिक कायदा समजतो का हे तपासायला बसलेल्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हा बसलेला!

पण वेळ भयंकर निघाली. आयोग कागद वाचत असतानाच मार्चमध्ये पेकिंगमध्ये सरकारी पहारेकऱ्यांनी निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, एप्रिलमध्ये ते सरकारच पडलं, लष्करशहांची फौज शहरात. मे जूनमध्ये आयोगाची एक तुकडी दौऱ्यावर निघाली, हांखौ, शांघाय, मुकदेन, हार्बिन असं करत कोर्टं आणि तुरुंग बघत. दक्षिणेत कॅंटनला वेगळं राष्ट्रवादी सरकार होतं, त्याने यांना येऊच दिलं नाही, त्यांचं म्हणणं, हक्क रद्द करायचेत, तपासायचे नाहीत.

१६ सप्टेंबर १९२६ ला अहवालावर सह्या झाल्या. त्यात काय होतं ते थोडक्यात. नवी कोर्टं आणि नवे तुरुंग ठीकठाक आहेत, काही तर चांगले. पण ती संख्येने फार थोडी, बहुतेक जिल्ह्यांत अजून जुनाच दंडाधिकारी, जो कर गोळा करतो तोच न्याय देतो. न्यायाधीशांचे पगार थकलेले. कित्येक नियम संसदेचे कायदे नाहीत, अध्यक्षांच्या हुकमावर चाललेले. आणि सगळ्यात मोठा मुद्दा, लष्करी लोक वाटेल त्याला उचलतात, लष्करी कोर्टात गोळी घालतात, त्यांच्यापुढे न्यायाधीशाचं काही चालत नाही. हे खोटं नव्हतं. त्याच अहवालाने परदेशी कोर्टांचेही दोष लिहिले, कायदा न शिकलेले कॉन्सुल, लांबची अपिलं, कोर्टांचा गोतावळा, सगळं. शेवटी शिफारस अशी की चीनने या या गोष्टी बऱ्यापैकी पूर्ण केल्या की मग हक्क सोडायला हरकत नाही, तोवर टप्प्याटप्प्याने काही करता येईल. वांग छोंगह्वेने सही केली पण शेरा मारला की पहिल्या तीन भागांतलं प्रत्येक विधान मला मान्य आहे असा याचा अर्थ नाही.

निःपक्षपाती होतं का? निरीक्षणं बरीचशी प्रामाणिक होती असं मला वाटतं. गडबड निरीक्षणात नाही, प्रश्नातच होती. लष्करशहा कोर्टांना जुमानत नाहीत म्हणून परदेशी कोर्टं हवीत, हे बरोबर, पण त्या लष्करशहांना बंदुका आणि कर्जं कुठून येत होती, आणि चिनी शहरांतल्या, परदेश्यांच्या ताब्यातल्या वस्त्यांत लपून ते पुढच्या लढाईची तयारी कशी करत होते, हा भाग आयोगाच्या कामात बसतच नव्हता. बाय द वे, अहवाल आल्यावर दोन महिन्यांच्या आत चीनने बेल्जियमसोबतचा १८६५ चा तह मुदत संपली म्हणून एकतर्फी मोडला. बेल्जियम हेगच्या जागतिक न्यायालयात धावलं, पण १९२८ मध्ये नवा तह झाला आणि मग खटला मागे घेतला.

प्रश्न : शांघायमध्ये शीख पोलीस होते असं आजोबा सांगायचे. मग भारतीयांना पण गोऱ्यांसारखेच हक्क होते का? (ठाणे)

आजोबा बरोबर सांगत होते. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वस्तीच्या पोलिसांत १८८० च्या दशकापासून शीख भरती होती, लाल फेटा, हातात दांडका, चौकात वाहतूक. ३० मे १९२५ ला नानचिंग रोडवर चिनी निदर्शकांवर गोळीबार झाला, हुकूम ब्रिटिश इन्स्पेक्टरचा, गोळ्या झाडणाऱ्यांत शीख आणि चिनी शिपाई दोन्ही. कमीत कमी ९ जण मेले आणि देशभर संप, बहिष्कार पेटला. वरचं कमिशन बसण्याच्या फक्त सात महिने आधीची ही गोष्ट.

हक्कांचं म्हणाल तर कागदावर हो. भारतीय माणूस ब्रिटिश प्रजा, म्हणून चिनी कोर्ट त्याला लागू नाही, मुंबईच्या पारशी आणि बगदादी ज्यू पेढ्यांना, ससून वगैरे, याचा फायदा झालाच. पण गरीब पहारेकरी किंवा शिपायासाठी हे दुधारी होतं. चीनमध्ये बसून गदर पार्टीचं काम करणारा, पत्रकं वाटणारा भारतीय सापडला तर त्याला ब्रिटिश कोर्टापुढे उभं करून तिथूनच हिंदुस्थानात पाठवून देता यायचं, चिनी सरकारची परवानगी लागायची नाही. म्हणजे परक्या देशात जाऊनही इंग्रजाच्या हाताबाहेर जाता येत नव्हतं. हा भाग आपल्याकडे कुणी फारसा लिहीत नाही, लिहायला पाहिजे.

प्रश्न : चँग कै शेकने १९२९ मध्ये हे हक्क रद्द केले असं एका व्हिडिओत बघितलं, मग १९४३ कुठून आलं? (नाशिक)

जाहीर केले, रद्द झाले नाहीत. २८ डिसेंबर १९२९ ला चँगच्या नानचिंगमधल्या राष्ट्रवादी सरकारने फर्मान काढलं की १ जानेवारी १९३० पासून परदेशी माणसाने चिनी कायदा पाळायचा. कुणी पाळला नाही. पण त्याने वाटाघाटी खऱ्या सुरू झाल्या. परराष्ट्रमंत्री वांग चंगतिंग आणि ब्रिटनचा चीनमधला राजनैतिक प्रतिनिधी माइल्स लॅम्पसन, दोघे दीड वर्ष कलमाकलमावर बसले. यावेळी चीनकडे दाखवायला नवी फौजदारी संहिता आणि नवी नागरी संहिता दोन्ही होत्या, आणि जकात ठरवायचा हक्कही बहुतेक देशांकडून परत मिळवलेला. जून १९३१ मध्ये मसुदा जवळपास तयार, ब्रिटन सोडतंय, फक्त शांघाय १० वर्षं आणि थ्येनचिन ५ वर्षं बाजूला ठेवायचं. सह्या बाकी. १८ सप्टेंबरला जपानने मुकदेनवर हल्ला केला. दहा दिवसांनी चिडलेल्या विद्यार्थ्यांनी परराष्ट्र खात्यात घुसून वांग चंगतिंगला बदडलं, त्याने राजीनामा दिला, आणि मसुदा फायलीत गेला तो गेलाच.

मग ११ जानेवारी १९४३ ला अमेरिकेने वॉशिंग्टनमध्ये आणि ब्रिटनने चीनची युद्धकाळातली राजधानी चुंगकिंगमध्ये एकाच दिवशी तह करून हक्क सोडले. चिनी कोर्टं १९३१ पेक्षा सुधारली होती म्हणून? अजिबात नाही, अर्धा देश जपानच्या ताब्यात, सरकार डोंगरात पळालेलं. पण शांघायही जपानच्या ताब्यात होतं, तिथले इंग्रज अमेरिकन नजरकैदेत, म्हणजे सोडण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं, आणि चीनला युद्धात टिकवून धरायचं होतं. जपाननेही दोन दिवस आधी, ९ जानेवारीला, चीनमधल्या आपल्या बाहुल्या सरकारला वस्त्या परत द्यायचं कबूल केलं होतं, ती शर्यतही होती. आणि चारच महिन्यांनी, २१ मे १९४३ ला, पत्रांची अदलाबदल होऊन ठरलं की चीनमधल्या अमेरिकन सैनिकांनी गुन्हा केला तर खटला अमेरिकेचं लष्करी कोर्टच चालवणार.

प्रश्न : १९४३ च्या तहात भारताचं काही होतं का? आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पण चीनमध्ये असले हक्क आले का? नेहरूंनी ते सोडले असं म्हणतात. (एक वाचक, सध्या दुबई)

हा प्रश्न आला तेव्हा बरं वाटलं. चुंगकिंगच्या तहावर ब्रिटनतर्फे राजदूत होरेस सीमूर यांची सही आहे आणि भारतातर्फे वेगळी सही आहे, ह्यू रिचर्डसन यांची. हे तेच रिचर्डसन जे ल्हासाला ब्रिटिश प्रतिनिधी होते आणि १९४७ नंतर काही वर्षं स्वतंत्र भारताचेही प्रतिनिधी म्हणून तिथेच राहिले.

आणि तिबेटातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९०८ मध्ये ब्रिटन, चीन आणि तिबेट यांच्यात व्यापाराचे नियम ठरले, त्यात ब्रिटिश प्रजेचे, म्हणजे भारतीय व्यापाऱ्यांचे, आपसातले खटले ब्रिटिश व्यापार प्रतिनिधी चालवणार असं होतं. त्यातलं कलम ५ वाचलं तर हसू येईल, कारण मॅकेचंच वाक्य उचलून ठेवलंय, तिबेटला न्यायव्यवस्था पाश्चात्त्यांसारखी करायची तीव्र इच्छा आहे, चीनमधले हक्क सुटले आणि तिबेटचे कायदे बघून आमचं समाधान झालं की इथलेही सोडू. १९०८ चा तिबेट आणि पाश्चात्त्य न्यायव्यवस्थेची तीव्र इच्छा! कुणीतरी आधीच्या तहावरून नुसतं उतरवून काढलेलं दिसतंय.

या व्यवस्थेचे अवशेष १९४७ ला भारताकडे आले. यातुंग आणि ग्यांत्सेला छोट्या लष्करी तुकड्या, टपाल, तार, टेलिफोन, १२ विश्रामगृहं. २९ एप्रिल १९५४ च्या करारात, ज्याच्या प्रस्तावनेत पंचशील आहे, भारताने हे सोडलं, तुकड्या सहा महिन्यांत परत, टपाल तार वाजवी किमतीला चीनला. नेहरूंनी फुकट घालवलं की जे टिकणारच नव्हतं ते सन्मानाने सोडलं, यावर भांडायला पुढचा अख्खा अंक लागेल. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण बदल्यात सीमेबद्दल एक ओळ लिहून घेतली नाही ही चूक होती असंही वाटतं. करार ८ वर्षांचा होता, जून १९६२ मध्ये मुदत संपली, नवा झाला नाही, आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं.